वास सांगायला दुसरं माणूस लागतं

आमच्या बाथरूमच्या फरशीवर दोन प्रकारचा मळ धरतो. एक पांढरा, बोअरच्या पाण्यातल्या क्षाराचा. दुसरा काळा, पावसाळ्यातल्या ओलीचा. पांढरा फरशीच्या अंगावर बसतो आणि नखाला कडक लागतो. काळा दोन फरश्यांमधल्या जोडांत धरतो, तो बुळबुळीत असतो. मी पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतो आहे. दोघांना वेगवेगळं औषध लागतं हे मला माहीत होतं, आणि ती दोन औषधं एकत्र येऊ द्यायची नसतात, विषारी वायू सुटतो, हेही माहीत होतं. एवढं माहीत असलेल्या माणसाच्या हातून जे झालं ते मी लिहून ठेवतो आहे.

आमचं घर मंठ्याच्या कडेला एका कॉलनीत आहे. जालना जिल्ह्यात राहून दमट हवेची तक्रार करायची म्हणजे पुण्याच्या आमच्या जावयाला हसू येतं. पण जूनपासून दसऱ्यापर्यंत ते बाथरूम वाळलेलं मी कधी पाहिलं नाही. खिडकी वीतभर, ती शेजाऱ्याच्या भिंतीकडे उघडणारी. आत पाण्याचे दोन मोठे ड्रम, अंगणात आणखी दोन. नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं, म्हणून गोडं पाणी आम्ही बाथरूममध्येही भरून ठेवायचो. बारा महिने पाणी आत, चार महिने पाऊस बाहेर.

यंदा भाद्रपदात मुलीचा पुण्याहून फोन आला. बायको जूनपासून तिच्याकडे होती. मुलगी म्हणाली, मम्मीला वर्षावासाच्या समारोपाला घरी यायचं आहे, पण आधी बाथरूमचं काय केलं ते सांगा. मी म्हणालो, करतो साफ.

"कशानं करणार, पप्पा? ॲसिड नको, ब्लीचिंग नको, फिनाइल नको. तो गुलाबाच्या वासाचा फवारापण नको. आणि कुबट वासही नको. वास आला तर मी मम्मीला त्याच गाडीनं परत आणीन."

ती चिडून बोलत नव्हती. तिच्या आईची छाती मागच्या वर्षापासून तशी झाली आहे. उग्र वास चालत नाही, ओलीचा वासही चालत नाही. हिवाळा, उन्हाळा ती घरी होती, बरी होती. मृग लागला, भिंतींना ओल आली, आणि चौथ्या दिवशी तिला श्वास पुरेना. मुलगी येऊन घेऊन गेली.

वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. अकरा वर्षं वाचायचं काम हिच्याकडे होतं. मोठा आवाज नाही, पण शेवटच्या ओळीतल्या म्हातारीला शब्द न् शब्द कळायचा. आता चार ओळी वाचल्या की खोकला येतो. समारोपाला तिला वाचायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं. तेवढ्यासाठी तिला स्वतःच्या घरात चार दिवस राहता येईल का, हा प्रश्न होता, आणि तो माझ्या फरशीवर येऊन अडला होता.

मागच्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी मी दुपारी हिला म्हणालो, उद्या पाणी आलं की बाथरूम ॲसिड टाकून घासून घे. हातगाडीवाल्याकडून ॲसिडची बाटली मीच आणली होती. त्यानं पांढरा मळ जातो. मग संध्याकाळी माझ्या मनात आलं की काळ्याचंही उरकून टाकावं. ड्रमच्या पाण्यात चिमूटभर टाकायला म्हणून ब्लीचिंग पावडरचा डबा घरात होताच. मी स्वयंपाकघरातून एक वाटी घेतली, तिच्यात पावडर घेतली आणि ओल्या जोडांवर भुरभुरली. सकाळी आधी ती पाण्यानं धुऊन काढायची आणि मग हिला सांगायचं, असं ठरवलं होतं. ठरवलं होतं, सांगितलं नव्हतं.

पाणी एरवी नऊला येतं. त्या दिवशी साडेसहालाच शेजारून हाक आली. पाण्याच्या दिवशी आमच्या कॉलनीत माणसं दुसरं काही बघत नाहीत. मी पाइप घेऊन अंगणातल्या ड्रमाकडे पळालो. पाणी मुबलक आहे तोवर धुऊन घ्यावं म्हणून ही बाटली घेऊन बाथरूममध्ये गेली आणि तिनं दार लावून घेतलं. ॲसिडचा वास घरभर करू नको असं मीच तिला नेहमी म्हणायचो.

ती खोकली ते मला ऐकू आलं. ॲसिडनं थोडा ठसका लागतोच. मग तिनं "अहो" अशी हाक मारली. मी म्हणालो, "आलो, हा ड्रम भरू दे."

आणि तो ड्रम मी भरला. काठोकाठ भरला. पाइप दुसऱ्यात टाकला आणि मग आत गेलो.

दार ढकललं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली होती, पदर तोंडाशी धरून. मी तिला ओढून बाहेर आणलं. मंठ्यातून आम्हाला जालन्याला पाठवलं. तिथे डॉक्टरांनी विचारलं, काय काय टाकलं होतं? मी ॲसिड सांगितलं, ब्लीचिंग सांगितलं. एकत्र कसं आलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ब्लीचिंगच्या डब्यातला प्लास्टिकचा मग तिनं चुकून वापरला असेल.

ती पलंगावर होती, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तिनं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मास्क काढल्यावर म्हणाली, "असेल. घाईत माझं ध्यान राह्यलं नसेल."

तिथे बोलता आलं असतं. मी तिला पाणी दिलं.

घरी आल्यावर ती वाटी मी माळ्यावर जुन्या कुकरमध्ये टाकली. स्टीलवर पांढरे डाग आणि बारीक खड्डे पडले होते. ती तिच्या माहेरच्या सहा वाट्यांपैकी, बुडाला तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं. वर्षभर ती मधूनमधून विचारायची, ती वाटी सापडली का हो? पुण्याहून फोन करायची तेव्हाही विचारायची. आणि बरी झाल्यावर विहारात दर पौर्णिमेला बायकांना सांगायची, बायांनो, घाई करू नका, डबे बघून हात घाला, माझ्यासारखं करू नका. मी पुरुषांच्या बाजूला बसून ते ऐकायचो.

तर यंदा मला फरशी साफ करायची होती, वास न येऊ देता. मला जे येतं तेच मी केलं. खडूनं फरशीचे चार भाग पाडले आणि एक वही घातली. पहिल्या भागावर धुण्याच्या सोड्याचा लेप, अर्धा तास ठेवून ब्रशनं घासायचा. दुसऱ्यावर लिंबू आणि मीठ. तिसऱ्यावर बाजारातून आणलेली बाटली, जिच्यावर सौम्य असं लिहिलं होतं. चौथ्यावर फक्त कडकडीत पाणी आणि ब्रश.

बाजारची बाटली झाकण उघडताच बाद झाली. त्या वासानं माझेच डोळे चुरचुरले. लिंबानं पांढरा मळ सुटला, पण जोडांवर बोट फिरवलं तर साखरेसारखं खरखरीत लागलं. लिंबू झालं तरी ते आम्लच, सिमेंट खाणारच. गरम पाण्यानं दोन दिवस बरं दिसलं. सोडा सगळ्यात चांगला. त्यानं काळं गेलं, वास काही उरला नाही, आणि पाचव्या दिवशी काळं त्याच जागी परत आलं.

वहीत सगळं लिहीत होतो, फक्त वासाच्या रकान्यात काय लिहावं ते कळत नव्हतं. माझं नाक वर्षभर त्याच घरात राहिलेलं. कुबट वास असेल तर तो मला घराचाच वास वाटत असणार. म्हणून मी रोज शाळेतून आलो की चहाही न घेता कॉलनीच्या बाहेर सोयाबीनच्या बांधापर्यंत जायचो, मोकळ्या हवेत पंधरा मिनिटं उभा राहायचो, आणि कोणाशी न बोलता परत येऊन थेट बाथरूमचं दार उघडायचो. पहिला श्वास खरा. दुसऱ्या श्वासाला नाक सरावतं. कधी वाटायचं, आहे. कधी वाटायचं, नाही. घरात दुसरं माणूस असतं तर विचारलं असतं, जरा बघ गं. फोडणी करपली तर ती सांगायची, दूध नासलं तर ती सांगायची. एकट्या माणसाला आपल्या घराचा वास कळत नाही. शेजाऱ्यांना बोलवावं असं चारदा मनात आलं, पण माझ्या बाथरूमचा वास घेऊन सांगा, असं कोणाला म्हणायचं?

रात्रीची खिचडी मी दोन माणसांच्या अंदाजानं लावतो, अजूनही. सकाळी तीच खातो.

शेवटी ज्या मिस्त्रींनी ही फरशी बसवली होती त्यांना बोलावलं. आता त्यांचं वय झालं आहे, नातवंडं आहेत, पण हात अजून नेमका बसतो. ते चपला काढून आत गेले, उकिडवे बसले आणि खिशातला खिळा जोडात घातला. खिळा आत गेला.

"सर, ह्याला तुम्ही काय पाजून राह्यले होते?"

मी म्हणालो, ॲसिड. किती वर्षं, असं त्यांनी विचारलं. पहिल्यापासून, दर महिन्याला.

"मंग बराबर हाय," मिस्त्री म्हणाले. "फरशी चकाचक, जॉइंट खलास. आत पाणी मुरून राह्यलंय. वरून कितीबी घासा, सोड्यानं घासा न्हाईतर सोन्यानं घासा."

त्यांनी उपाय सांगितला. सगळे जोड करवतीच्या पात्यानं कोरून काढायचे. मग आठ दिवस बाथरूम वाळू द्यायचं, थेंबसुद्धा पडू द्यायचा नाही. मग पाणी न पिणारा मसाला भरायचा आणि त्याचा वास जाईपर्यंत आणखी पंधरा दिवस दार-खिडकी उघडी. पुढे दर आठवड्याला नुसता सोडा आणि ब्रश, आणि अंघोळ झाली की फडक्यानं पुसून कोरडं. ॲसिडची बाटली घरात आणायची नाही.

"आणि हे ड्रम बाहेर काढा आधी," ते म्हणाले. "बाथरूममध्ये विहीर ठेवली, आणि ओल आली म्हणून मला बोलावून राह्यले."

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी घरात कोणीतरी बोलत होतं. मग हात धुताना त्यांनी विचारलं, बाईंची तब्येत कशी आहे? मी म्हणालो, बरी आहे, येणार आहे. ते म्हणाले, "आमच्या घरी मी समद्यांना सांगितलं. दोन दवा एकत्र करायच्या न्हाईत, सरांच्या बाईनं केलं आन् काय झालं बघा."

मी "हो" म्हणालो.

दवाखान्यात मी घाबरलेलो होतो, असं स्वतःला सांगता यायचं. ह्या "हो"ला तसलं काही कारण नव्हतं. समोर एक म्हातारा माणूस टॉवेलला हात पुसत होता, एवढंच.

दोन दिवसांत त्यांनी जोड कोरून दिले. पुढचं वाळवण्याचं काम माझं. मी आतले ड्रम रिकामे करून अंगणात काढले, तिथेच पत्र्याच्या आडोशाला अंघोळ करू लागलो. हवा इतकी ओली की सकाळी पुसलेले जोड दुपारी पुन्हा ओले दिसायचे. टेबलफॅन दारात लावावा म्हणून तो काढायला माळ्यावर चढलो. पंख्याच्या मागेच जुना कुकर होता. तो हलवला तर आत वाटी वाजली.

मी वाटी घेऊन खाली आलो आणि बाथरूमच्या उंबऱ्यावर बसलो. पंखा लावला. हे बाथरूम वाळेल, मिस्त्री जोड भरून देतील, ही येईल, चार दिवस राहील, आणि विहारात बसून पुन्हा बायकांना सांगेल की माझ्यासारखं करू नका. आणि मी पुरुषांच्या बाजूला बसेन. हे मला आता जमणार नव्हतं. ती आल्यावर सांगावं, असंही वाटलं. पण मग तिला मुलीदेखत, माझ्याच घरात बसून ऐकावं लागलं असतं. यायचं की नाही हे तिनं सगळं ऐकून ठरवायला हवं होतं. मी तिथूनच फोन लावला.

"वाटी सापडली," मी म्हणालो.

"कुठं होती?"

"माळ्यावर. मीच ठेवली होती."

मग मी त्या रविवारच्या संध्याकाळपासून सगळं सांगितलं. पावडर, जोड, सकाळी धुवायचं ठरवलं होतं ते, डॉक्टरांना काय म्हणालो ते. प्लास्टिकच्या मगाची गोष्ट मी बनवली होती, हेही सांगितलं. मुलीच्या स्वयंपाकघरात कुकरची एक शिट्टी झाली, मग दुसरी.

"तुम्ही म्हणाले होते, हा ड्रम भरू दे," ती म्हणाली. "ते मला ऐकू आल्तं. ते मी कोणाला सांगितलं न्हाई. वाटीचं मला माहीत नव्हतं."

मी पंखा बंद केला.

"मंग वर्षभर मी बायांना काय सांगून राह्यले?"

मग तीच म्हणाली, "ज्यांना तुम्ही सांगितलं, त्यांना तुम्हीच सांगा. पोरीलापण. मी कोणाला सांगणार न्हाई." आणि फोन ठेवला.

मुलीला मी त्याच दिवशी सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि नंतर दहा दिवस तिचा फोन आला नाही. जालन्याला जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी कागद काढून पाहिला, म्हणाले, औषधात त्यानं काही फरक पडत नाही. मिस्त्री मसाला भरायला आले तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांनी हातातली पट्टी थांबवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सर, शाळेत पोरांना काय शिकवता तुम्ही?" मग ते पुन्हा जोड भरायला लागले. चहा ठेवला होता तो तसाच राहिला.

विहार राहिलं. एका संध्याकाळी वाचन संपल्यावर मी उभा राहिलो. काय बोललो ते मला नीट आठवत नाही, पण वाटी, पावडर आणि ड्रम, तिन्ही बोललो. मागच्या ओळीतली म्हातारी म्हणाली, "ती तर आमाला दर पौर्णिमेला सांगत होती, चूक झाली माझी म्हणून." मग म्हणाली, "बसा आता." मी बसलो. वंदना झाली, माणसं उठली. माझ्या चपला शोधायला मला बराच वेळ लागला; खरं तर बाकी सगळे निघून गेले होते आणि त्या समोरच होत्या.

घरी येऊन मी फोनवर तिला सांगितलं की सगळ्यांना सांगितलं. ती म्हणाली, येते.

आश्विन पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मुलगी तिला घेऊन आली. मुलगी माझ्याशी बोलली, पण चहा-पाण्यापुरतं. बाथरूम मी अजून वापरलं नव्हतं. जोड कोरडे, करडे, बोटाला गुळगुळीत. खिडकीत बसवलेला छोटा पंखा चालू होता. सकाळपासून मी तीनदा बांधापर्यंत जाऊन आलो होतो आणि तीनदा पहिला श्वास घेऊन पाहिला होता. काही कळलं नाही.

ती टॉवेल घेऊन आत गेली. मी म्हणालो, दार लावू नको, नुसतं लोटून घे. तिनं आतून कडी लावली. तो आवाज ऐकून मी बाहेर खुर्चीवर बसलो. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता, मग तांब्याचा. मी खोकल्याची वाट बघत होतो. अंघोळीला वीस मिनिटं लागली.

ती केस पुसत बाहेर आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वास न्हाई."

एवढंच. बाकीचं मी विचारलं नाही.

दुपारी मी वाटी तिच्यापुढे ठेवली. तिनं ती उलटी करून बुडावरचं नाव पाहिलं, आतले खड्डे अंगठ्यानं चाचपले. "ही आता खायच्या कामाची न्हाई," ती म्हणाली. "सोड्याला ठेवा."

समारोपाला ती बायकांच्या बाजूला बसली. तिला कोणी वाच म्हटलं नाही, तिनंही मागितलं नाही. चार दिवसांनी दोघी पुण्याला गेल्या. पुन्हा कधी येशील असं मी बसस्टँडवर विचारलं, तेव्हा तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, थंडी पडू द्या.

आता दर रविवारी मी त्या वाटीत सोडा कालवतो, जोडांना लावतो, अर्धा तास थांबतो आणि ब्रशनं घासतो. मग जुन्या फडक्यानं कोपऱ्यापासून दारापर्यंत कोरडं करत येतो. वाटी धुऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथी घालतो, नाव वर. पाण्याच्या दिवशी ड्रम अंगणात भरतात. पाइप सोडून मी मधेच दोनदा घरात येतो, कोणी हाक मारली का ते बघायला. घरात कोणी नसतं. तोवर ड्रम भरून पाणी अंगणात वाहून गेलेलं असतं.